कांद्याच्या वाफ्यात डॅफोडिल

"होईल की मॅडम, त्यात काय," असं तेजस्विनी फोनवर बोलून गेली, आणि सगळ्या डोकेदुखीचं मूळ तिथेच आहे. डॅफोडिल नावाचं फूल तिने तोवर फक्त भेटकार्डावर पाहिलेलं होतं. शेतीची पदविका घेताना तिला गुलाब शिकवला, झेंडू शिकवला, जरबेरा तर घोकून घेतला. डॅफोडिल कुणी शिकवलं नाही, कारण चाकणजवळच्या निघोज्याच्या उन्हात ते लावण्याइतकं कुणाचं डोकं फिरलेलं नव्हतं. पण पलीकडच्या कंपनीच्या गेस्टहाउसची व्यवस्था बघणाऱ्या विजयश्री मॅडमना नेमकं तेच हवं होतं. परदेशातून आलेल्या मोठ्या साहेबांच्या बायकोला फेब्रुवारी लागला की तिकडचा वसंत आठवतो म्हणे. निगडीच्या दोन नर्सरीवाल्यांनी हात वर केलेत, तू एक वाफा फुलवून दाखवलास तर गेस्टहाउसच्या सगळ्या बागेचं काम तुला देते, असं मॅडम म्हणाल्या. हे ऐकल्यावर तेजस्विनीने हत्तीला मोहोर आणायचंही कबूल केलं असतं.

तिला घाई होती आणि घाईला कारण होतं. तिच्या सासरची जमीन एकेकाळी पार ओढ्यापर्यंत पसरलेली. ती टप्प्याटप्प्याने कंपन्यांत गेली. जिथे कांदा साठवायच्या बराखी होत्या तिथे आता कंटेनर रांगेने उभे राहतात आणि ड्रायव्हर लोक स्टोव्ह पेटवून चहा करतात. उरली ती घरामागची एक चिंचोळी पट्टी. घराच्या पुढच्या बाजूला कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांची रांग होतीच, आणि तिचा नवरा रणजीत याला मागच्या पट्टीवर तशीच दुसरी रांग हवी होती. रणजीत काही वाईट माणूस नव्हे. कंपनीत शिफ्ट करून घरी आला की तो हिशेबी डोक्याने बोलायचा, आणि हिशेबात तो चुकतही नव्हता. तेजस्विनीला मात्र तिथे नर्सरी हवी होती. लग्न होऊन आली तेव्हापासून हवी होती, आणि दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू" हे ऐकून तिचे कान किटले होते. यंदा भांडण झालं, अबोला झाला, आणि शेवटी तह झाला: कंपनीचं काम मिळालं तर पट्टी तिची, नाही मिळालं तर शिमग्याच्या आत पाया खणायचा.

पट्टी कागदावर सासऱ्यांच्या नावाने होती, पण त्यांनी या भांडणात बोटही घातलं नाही. भिमाजी म्हणजे एके काळचं कांद्यातलं मोठं नाव. चाकणच्या बाजारात त्यांच्या पिशव्या उतरल्या की अडते दुसऱ्याचा लिलाव सोडून यायचे, असं सासूबाई सांगायच्या. जमीन गेली आणि म्हातारा ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसला तो बसलाच. सकाळी कंटेनर बघायचे, दुपारी कंटेनर बघायचे, जेवायला हाक मारली की आत यायचं. पट्टीचं विचारायला गेलं तर एवढंच म्हणायचे, "तुमचं तुमी बघा." तेजस्विनीला याचा राग यायचा. एकदा तोंडाने हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, म्हणजे माणूस मोकळा होतो. पण म्हातारा ताकास तूर लागू देत नव्हता.

डॅफोडिलचे गड्डे तिने काश्मीरहून मागवले. ते आले, आणि मग तिला समजलं की या फुलाचे चोचले नव्या जावयापेक्षा जास्त आहेत. त्याला आधी थंडी लागते, आणि आपल्याकडे पडते तसली पहाटेची थंडी नव्हे, तर महिनोन्‌महिने फ्रिजमधली. शिवाय फ्रिजमध्ये शेजारी फळं चालत नाहीत. पिकणाऱ्या फळांच्या वाफेने गड्ड्याच्या पोटातली कळी आतल्या आत मरते. ऐन नवरात्रात घरात केळी, त्यानंतर सीताफळं, दिवाळीत पाहुण्यांनी आणलेली सफरचंदं, आणि तेजस्विनी फ्रिजपुढे राखणदारासारखी उभी. भाजीचा खण गड्ड्यांनी अडवला म्हणून भाजी टेबलावर सुकायची, आणि सुकली की रणजीत ती जेवताना उचलून दाखवायचा. बोलायचा काही नाही, नुसती दाखवायचा. त्याने बोललेलं परवडलं असतं.

सासूबाईंनी, शालनबाईंनी, एक गड्डा नेऊन म्हाताऱ्याच्या हातावर ठेवला. भिमाजींनी तो उलटासुलटा केला, नखाने साल काढून हुंगला. वास न्हाई, म्हणाले, तिखटपना न्हाई. तेजस्विनीने लांबूनच सांगितलं की आबा, तो कांदा नाही, विषारी असतो, खायचा नसतो, त्याला फूल येतं. फुलासाठी येवढा गड्डा कशाला, असं ते म्हणाले आणि गड्डा परत द्यायचा विसरले. ओट्यावर बसून कितीतरी वेळ तो हातात खेळवत होते.

डिसेंबरात वाफा केला. तेजस्विनीने मन लावून केला, कारण मॅडमनी फोटो पाठवले होते आणि त्यांत नुसती पिवळी फुलं नव्हती, त्यांच्या पायाशी आणखी काय काय होतं. तिने डॅफोडिल झुबक्याझुबक्याने लावले, मधे निळी पॅन्सी, कडेला पांढरी बुटकी अ‍ॅलिसम आणि मागे गुलाबी फ्लॉक्स. ही जोडीची रोपं शोभेसाठी असतात तशी झाकायलाही असतात. डॅफोडिलचं फूल गेलं की पात कापायची नसते. ती आपली आपण पिवळी पडून वाळेपर्यंत ठेवावी लागते, कारण त्या पातीवरच गड्डा पुढच्या वर्षाची शिदोरी जमवतो. तोवर ते झिपरं गबाळ दिसू नये म्हणून शेजारणी हव्यात. रणजीतने हे ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे फूल पंधरा दिवस आणि गबाळ दोन महिने? खोलीचं भाडं बाराही महिने येतं. शालनबाईंना मात्र ते लगेच उमगलं. "म्हंजी आंतरपीकच की," त्या म्हणाल्या.

हा शब्द कसा कोण जाणे ओट्यापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तेजस्विनी पाणी द्यायला गेली तर भिमाजी वाफ्याच्या कडेला उभे. इतक्या वर्षांत ते घरामागे आलेले तिने पाहिले नव्हते. त्यांनी वाफा डोळ्यांखालून घातला, बांध पायाने दाबून बघितला आणि म्हणाले की कांद्याच्या कडंला मोहरी लावत्यात, न्हाईतर कोथमीर. तेजस्विनीने हसून हो हो म्हटलं. कुणीही म्हटलं असतं.

तर काही दिवसांनी अ‍ॅलिसममधून कोथिंबीर वर आली. तिने उपटली. मग शेपू आला. तो उपटला, तर मेथी. वाफा वसंतातला व्हायचा त्याऐवजी मंडईतला व्हायला लागला. पांढऱ्या गालिच्यातून शेपूचे तुरे डोलताहेत आणि मॅडम बघताहेत, हे चित्र रोज तिच्या डोळ्यांपुढे यायचं आणि तिचं पित्त खवळायचं. आबांना बोलायची सोय नव्हती, तेव्हा ती सासूबाईंवर घसरली. मी मरमर मरायचं आणि यांनी मूठ मूठ बी उधळायचं, हे किती दिवस चालायचं, असं तिने विचारलं. शालनबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पोरी, खुर्ची सोडली त्यांनी," त्या म्हणाल्या. "येवढी कोथमीर राहू दे."

राहू दिली. कडेची एक ओळ कोथिंबिरीची म्हणून तिने मनाशी सोडून दिली आणि दात आवळून पुढचं काम केलं. घरातल्या थोरामोठ्यांपुढे हात टेकायचे म्हणजे काय, हे पदविकेत शिकवत नाहीत.

जानेवारीत डॅफोडिलची पात अशी काही वर आली की बघत राहावं. हिरवीगार, जाड, बोटभर रुंद. तेजस्विनीला रात्री झोप लागेना, आणि खरं तर भिमाजींनाही लागत नसावी, कारण ते आता सकाळ-संध्याकाळ वाफ्यावर यायला लागले होते. खाली वाकून पातीच्या बुडाशी अंगठ्याने माती सारायचे, चाचपायचे, आणि चेहरा पाडून उठायचे. पात लई माजलीय पन खाली कायच धरत न्हाई, असं ते एकदा तिला म्हणाले. ती तेव्हा पॅन्सीवरची माव्याची कीड पुसत होती. येईल आबा, येईल, असं तिने पाठमोऱ्यानेच सांगितलं. हातातलं काम सोडून दोन मिनिटं बोलायला हवं होतं, हे तिला नंतर सुचलं. नंतर सगळ्यांनाच सगळं सुचतं.

शुक्रवारी पहिली कळी दिसली. पातीमधून दांडा वर आलेला, टोकाला पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली कळी, आणि पापुद्रा जिथे उकलला होता तिथे पिवळ्या रंगाची एक रेघ. मग शोधून शोधून बघितलं तर झुबक्याझुबक्यात कळ्या. तेजस्विनी मातीतच बसली. तिने फोटो काढून मॅडमना पाठवला. सोमवारी सकाळी येते, साहेबांच्या मिसेसनाही आणते, असं मॅडमचं उत्तर आलं. रणजीतने फोटो पाहिला, ओठ बाहेर काढले आणि म्हणाला, जमवलंस की राव. लग्नानंतर त्याने केलेलं हे मोठ्यातलं मोठं कौतुक होतं.

शनिवारी निगडीला तिच्या बहिणीकडे हळदीकुंकू होतं. रथसप्तमी तोंडावर आलेली, आता नाही गेलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं. सासूबाईंनाही आमंत्रण होतं, म्हणून दोघी गेल्या आणि बहिणीच्या आग्रहाने तिथेच राहिल्या. जाताना तिने रणजीतला बजावलं, पाणी दे, कुत्रं येऊ देऊ नको, भाडेकऱ्यांच्या पोरांना तिकडे फिरकू देऊ नको. आबांना वेगळं काय सांगायचं, असं तिला वाटलं. घरातल्या माणसापासून कोण राखण करतं?

रविवारी सकाळी दोघी परत आल्या. सासूबाई घरात गेल्या आणि ती पर्स न ठेवताच मागे गेली.

सगळी पात आडवी झाली होती. झुबका न्‌ झुबका बुडाशी मुडपून एका बाजूला निजवलेला, एका दिशेला, नीट, भांग पाडल्यासारखा. दांडेही त्यात मोडले होते. कळ्या मातीला टेकल्या होत्या, आणि दोन-तीन कळ्यांनी रात्रीत उमलायची घाई केली होती, त्यांचं पिवळं तोंड चिखलात गेलं होतं. मधल्या पॅन्सीच्या एकाही पानाला धक्का लागलेला नव्हता. ज्याने हे केलं होतं त्याने हाताने, एकेक झुबका धरून, शेजारच्या रोपाला जपून केलं होतं.

वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला भिमाजी उकिडवे बसले होते. शेवटचा झुबका त्यांच्या मुठीत होता. त्यांनी तो पिळून हलकेच खाली दाबला, तळहाताने थापटला, आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठले. धोतर मातीने माखलेलं, कपाळावर घाम. आणि चेहरा असा, की तेजस्विनीने या घरात तो कधी पाहिलाच नव्हता. लग्नाच्या अल्बममध्ये सुद्धा नव्हता.

"आलीस व्हय. बरं झालं," ते म्हणाले. "पात लई माजली व्हती गं. समदं बळ वरच चाललं व्हतं, खाली पोसायचं नाव न्हाई. माना मोडल्या. आता बघ कसा गड्डा धरतोय ते."

कांद्यात हेच करतात, हे तिला ठाऊक होतं. ती मंचरची, तिच्या माहेरीही कांदा होता. पीक तयार व्हायला आलं की माना पाडायच्या, म्हणजे पातीतलं बळ खाली उतरतं आणि कांदा भरतो. आयुष्यभर ज्या हाताने माना मोडून बाजार जिंकला, त्या हाताने म्हाताऱ्याने तिचं वर्ष मोडलं होतं, आणि तेही तिच्याच भल्यासाठी. संतापाने तिला किंचाळावंसं वाटलं. हे कांदे नाहीत, नाहीत, नाहीत, पहिल्या दिवसापासून सांगतेय, कुणी ऐकतं का या घरात? फ्रिज, केळी, शेपू, मेथी, सगळं सोसलं, आणि शेवटी हे? उद्या मॅडम येणार. उद्या. तिने तोंड उघडलं.

एवढ्यात मागून बोलण्याचे आवाज आले. रणजीत येत होता आणि त्याच्याबरोबर कोंडाजी होता, बांधकामाचा ठेकेदार, हातात मोजायची टेप आणि आखणीच्या चुन्याची पिशवी घेऊन. रणजीत सकाळी उठून आडवी पडलेली पात बघून गेला होता, हे तेजस्विनीला त्याच क्षणी कळलं. त्याला कळून चुकलं होतं की उद्या काही होत नाही, आणि करार म्हणजे करार. त्यात त्याची लबाडी नव्हती. तो तिच्याकडे बघेना एवढंच. कोंडाजीने राम राम घातला, पट्टीवर नजर फिरवली आणि टेपचं टोक धरून वाफ्याच्या कडेला पाऊल टाकलं.

"ए," भिमाजी म्हणाले. आवाज फार मोठा नव्हता, पण कोंडाजीचा पाय हवेतच राहिला.

"काय झालं आबा? माप घ्यायचंय. खोल्यांचं."

"मोडल्या मानंचं पीक हाय. उभ्या पिकात टेप टाकतो व्हय रं? कुनाच्या बापानं असं केलंय का निघोज्यात?"

कोंडाजीने रणजीतकडे पाहिलं. रणजीत म्हणाला, आबा, आपलं ठरलंय. भिमाजी म्हणाले, कुनाचं ठरलंय, मला कुनी इचारलंय का. रणजीतने विचारलं होतं, तिनेही विचारलं होतं, कैकदा, आणि दर वेळी तुमचं तुमी बघा हेच ऐकलं होतं. पण आता त्याची आठवण कोण करून देणार? म्हातारा वाफ्याच्या मधोमध येऊन उभा राहिला होता, दोन झुबक्यांच्या मधल्या जागेत, पाय बरोबर टाकून. जमीन माझ्या नावावर हाय, म्हणाले. पीक निघाल्याबिगर हितं कुदळ लागायची न्हाई, आन्‌ त्याच्या म्होरं बी माझी सूनबाई काय लावंल ते लागंल. हिला शेती कळती. चुन्याची पिशवी उचला.

तेजस्विनीने जे ऐकायची वर्षानुवर्षं वाट पाहिली होती ते हेच होतं. शब्दाला शब्द हेच. आणि ते ऐकताना तिला मुळीच आनंद झाला नाही, उलट आणखीच राग आला, कारण हे तिच्या फुलांनी मिळवलेलं नव्हतं. पायाशी पडलेल्या मढ्यावर म्हातारा पिकाचा हक्क सांगत होता. तिला जिंकायचं होतं ते असं नव्हे. उद्या मॅडमना तोंड द्यायचं तिलाच होतं, गेस्टहाउसची बाग हातची गेली होती, आणि पट्टी राहिली ती कांद्याच्या जोरावर.

कोंडाजी अवघडून टेप गुंडाळायला लागला. रणजीतने आता पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. त्यालाही राग आला होता, आणि तो राग त्याच्या परीने खरा होता.

"तेजू, सांग ना आबांना," तो म्हणाला. "काय झालंय ते सांग. उद्या खणून बघतील तेव्हा काय सांगशील?"

भिमाजींनी तिच्याकडे वळून पाहिलं. कपाळावरचा घाम अजून पुसलेला नव्हता. "काय झालंय?" त्यांनी विचारलं.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आबा, यातलं आता काही धरणार नाही. एवढं म्हटलं की रणजीतचं खरं ठरलं असतं, चुना पडला असता, आणि म्हातारा पुन्हा ओट्यावरच्या खुर्चीत जाऊन बसला असता, या वेळी कायमचा. न सांगावं तर गड्डे कधीतरी वर निघणारच होते, वाळलेले, पोचट, आणि तेव्हा त्यांना आपणहून कळणार होतं. पण तेव्हा म्हणजे आज नव्हे. तिने वाफ्याकडे पाहिलं. चिखलात तोंड खुपसलेल्या पिवळ्या फुलाकडे पाहिलं. ते एकच फूल बघायला तिने फ्रिजपुढे राखण केली होती, आणि धड उभं असलेलं ते तिला बघायला मिळालं नव्हतं. तिने डोळे पुसले नाहीत, पुसले असते तर कळलं असतं.

माना मोडल्या की कांद्याचं पाणी बंद करतात. तेही तिला ठाऊक होतं.

"काही नाही झालं," ती म्हणाली. "आबा, पाणी तोडायचं ना आता?"

"तोड तर," भिमाजी म्हणाले. "आता पानी दिलं तर कुजंल. मोडल्यावर कोरडंच ठेवायचं." मग तिला उगीच लागू नये म्हणून त्यांनी जोडलं, "तुला म्हाईत हायच म्हना."

रणजीत कोंडाजीला घेऊन निघून गेला. तेजस्विनी नळाकडे गेली. ठिबकची नळी अजून चालू होती, पॅन्सीच्या बुडाशी थेंब थेंब पाणी पडत होतं. पाणी तोडलं तर पॅन्सीही जाणार होती, अ‍ॅलिसमही, आणि कडेची कोथिंबीरसुद्धा. कॉक घट्ट होता. तिने दोन्ही हातांनी, सगळा राग लावून तो फिरवला, आणि मागून भिमाजी तिला सांगत राहिले की पुरा आवळ, एक थेंबसुदीक पडता कामा न्हाई.